नऊ मशिनं आणि एक व्याही

सुबोध टंकलेखन व संगणक वर्ग,
मंडईच्या मागे, पुणे
बुधवार, सकाळची बॅच

सन्माननीय व्याही श्री. बद्रीनाथराव यांना श्रीनिवासचा सादर नमस्कार.

आपण आणि सौ. विहीणबाई खुशाल असाल. विहीणबाईंच्या गुडघ्यांना नव्या तेलाने आराम पडला असेल अशी आशा आहे. खराडीला आपल्या बाराव्या मजल्यावर वारा छान येतो असं स्वराली सांगते, पण लिफ्ट बंद असली की गुडघे आणि वारा यांचा मेळ कसा घालता हे कळवावं. इकडे सौ. पद्मजा आणि मी बरे आहोत. चि. आमोद आणि चि. सौ. स्वराली आपल्या संसारात सुखी आहेत. स्वराली सुनेसारखी वागतच नाही. (मुक्ताई, हे भलतंच वाटतंय. "लेकीसारखी वागते" असं कर.) लेकीसारखी वागते.

पत्र पाहून आपल्याला नवल वाटेल. मंडई ते खराडी एवढ्याशा अंतरात पत्र कशाला, फोन आहे की. आहे. सोमवारी आपण फोन करून "मशिनं कशी चालताहेत?" म्हणून विचारलंत, मी "उत्तम" म्हणालो. काल पुन्हा विचारलंत, मी पुन्हा "उत्तम" म्हणालो. व्याह्यांनी काही विचारलं की हा शब्द माझ्या तोंडून आपोआप निघतो. आमच्या घराण्यातच ते आहे. माझ्या बहिणीच्या लग्नात तिच्या सासऱ्यांच्या हातून पाण्याने भरलेली पितळी घागर वडिलांच्या पायावर पडली होती, तेव्हाही वडील "उत्तम, उत्तम" म्हणाले आणि मग दोन महिने लंगडत होते. कागदावर माणूस जरा दमाने बोलतो, म्हणून हे पत्र.

पत्र मी तोंडी सांगतो आहे आणि मुक्ताई पोटे टाइप करते आहे. रविवारी आपल्याला पाणी आणून देणारी, खिडकीजवळच्या मशीनवर बसलेली, तीच ही. खडकीहून रोज सकाळच्या बसने येते आणि इथून थेट ऑफिसला जाते. तिचे यजमान संभाजीराव सरकारी नोकरीत असताना वारले. त्यांच्या जागी हिला अनुकंपेवर लिपिकाची नोकरी मिळाली, पण अट अशी की ठरलेल्या मुदतीत टायपिंगचं सर्टिफिकेट आणून द्यायचं, नाहीतर नोकरी गेली. मागच्या परीक्षेच्या दिवशी नेमकं सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं. आता मुदतीच्या आत बसणारी ही एकच परीक्षा उरली आहे. तिला सराव हवा आणि मला जवळचं दिसत नाही, तेव्हा दोघांचंही काम होतं आहे. वर्गाचा नियम तिला पक्का ठाऊक आहे. कानावर पडेल ते टाइप करायचं, आपलं डोकं चालवायचं नाही, आणि मागे जाऊन खोडत बसायचं नाही, कारण त्यात वेग जातो. गेली तीस-पस्तीस वर्षं मी हेच शिकवत आलो.

ही परीक्षा आमच्याच वर्गात व्हायची आहे हे आपण जाणताच. येत्या सोमवारी तपासणीसाहेब येणार. दहाच्या दहा मशिनांवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम दिसली तर केंद्र कायम, एका जरी मशीनवर जुनी दिसली तर केंद्र रद्द आणि सगळे परीक्षार्थी पुढच्या सत्रात. परीक्षेचं सॉफ्टवेअर म्हणे जुन्या सिस्टिमवर उघडतच नाही. पूर्वी टाइपरायटरला रिबन बदलली की झालं, त्यासाठी कुणी तपासायला येत नसे. पण ते असो. या कामासाठी मी उत्तरेश्वर नावाच्या एका तंत्रज्ञाशी बोलूनही ठेवलं होतं. तेवढ्यात आमोदच्या लग्नाच्या वाढदिवसाला आपण म्हणालात की उभा जन्म टेलिफोन खात्यात काढलेला माणूस घरात असताना बाहेरचा कशाला. आपला हा मोठेपणा. मी त्याच रात्री उत्तरेश्वरला नको म्हणून कळवलं. (दुसरं काय करणार होतो? सुनेचे वडील चारचौघांत "मी करून देतो" म्हणाले की नको म्हणायची सोय असते का? तू हसू नकोस, टाइप कर.)

रविवारी आपण सकाळीच आलात आणि ज्या तडफेने कामाला लागलात ते पाहून मला फार बरं वाटलं. आमच्या गल्लीत इंटरनेट जेमतेमच येतं, तेव्हा दहा मशिनांनी दहा वेळा अपडेट उतरवून घेण्याऐवजी कोपऱ्यातल्या मोठ्या मशीनवर, म्हणजे सर्व्हरवर, ते एकदाच उतरवायचं आणि तिथून तारांवरून बाकीच्यांना वाटायचं, ही आपली योजना. आपण ती पद्मजाला समजावून सांगितलीत. मंडईतून भाजी एकाने आणायची आणि घरात वाटायची, दहा जणांनी दहा पिशव्या घेऊन जायचं नाही. पद्मजाला एकदम पटलं. (तिला पटलं कारण भाजी आणायला रोज मी जातो.) मग आपण प्रत्येक मशीनला बजावलंत की अपडेट घ्यायचं ते फक्त या सर्व्हरकडूनच, परस्पर बाहेरून आणायचं नाही. शिस्त म्हणून हेही योग्यच झालं. सर्व्हरचा पासवर्ड मी भिंतीवर पाटी लावून जाहीर केला होता, "पासवर्ड सुबोध१२३ आहे. पुन्हा विचारू नये." ही पाटी आपल्याला आवडली नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने आपण पासवर्ड तिथल्या तिथे बदललात, पाटी काढून माझ्या हातात दिलीत आणि नवीन पासवर्ड जेवणानंतर सांगतो म्हणालात. मग पद्मजाने वरून पानं घेतल्याची हाक दिली. "मी येईपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही" एवढं बजावून आपण वर आलात.

जेवणाबद्दल मी काय लिहावं. आपण मूळचे अकोल्याचे, आमची आमटी आपल्याला गोड लागली असणार. आपण तसं बोलून दाखवलं नाहीत, फक्त हिरवी मिरची मागितलीत, मग आणखी एक मागितलीत, मग बशीच जवळ ओढून घेतलीत. अळूची भाजी आपण सभ्यपणे संपवलीत. श्रीखंडाला मात्र आपण नाही म्हणत होता आणि पद्मजा वाढत होती, पद्मजा वाढत होती आणि आपण नाही म्हणत होता, आणि असं करता करता पातेलं रिकामं झालं. मग आपण दिवाणावर जरा टेकलात आणि झोपलात. (मुक्ताई, "झोपलात" नको. "विश्रांती घेतलीत" असं कर.) विश्रांती घेतलीत. (घोरतही होते. हे टाइप करू नकोस.)

त्या वेळी खाली काय झालं ते आपल्याला कळवणं राहून गेलं. मुक्ताई रविवार असूनही सरावाला थांबली होती. ती जिन्याने धावत वर आली आणि म्हणाली की सर्व्हरने पडद्यावर प्रश्न विचारला आहे, सगळी मशिनं बंद करून नवी सिस्टिम बसवायला घेऊ का, हो किंवा नाही सांगा, आणि शेजारी घड्याळ उलटं पळतं आहे. अर्ध्या तासाची मुदत होती. मी म्हणालो, हो दाबून टाक. ती म्हणाली, काकांनी हात लावायचा नाही असं सांगितलंय. तेही खरं होतं. म्हणजे आता आपल्याला उठवणं आलं. मी दिवाणाजवळ गेलो, तर पद्मजाने माझी बाही धरली आणि मला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात सांगितलं की या घरात आजवर कुणी व्याह्यांना झोपेतून उठवलेलं नाही आणि आपल्यापासून सुरुवात व्हायची नाही, उद्या स्वरालीला काय वाटेल. मीही तसा त्याच मताचा आहे. पण आपण आपले आपण जागे झालात तर त्याला कुणाची हरकत नव्हती. म्हणून पद्मजाने एक स्टीलचं ताट हातातून सोडलं. आपण कूस बदललीत. मग रिकामा कुकर गॅसवर ठेवून तिने शिट्ट्या काढल्या. मी बाहेर जाऊन स्वतःच्याच घराची बेल वाजवली आणि "कोण आहे?" म्हणून स्वतःच ओरडत आत आलो. शेजारी मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांनी दार उघडून "काय हवंय?" विचारलं, पण आपण हललासुद्धा नाहीत. टेलिफोन खात्यात इतकी वर्षं काढल्यावर माणूस घंटेने उठत नाही, हे आमच्या ध्यानात यायला हवं होतं.

खाली मुदत संपली. उत्तर आलं नाही म्हणजे नकार, असं सर्व्हरने धरलं आणि दहाच्या दहा मशिनांनी केलेलं सगळं काम मागे घ्यायला सुरुवात केली. एका ओळीत दहा पडद्यांवर "बदल मागे घेत आहोत" असं लिहून आलेलं मी खाली येऊन पाहिलं. तासाभराने आपण उठलात, चहा घेतलात, खाली आलात. मशिनं पुन्हा चालू होऊन स्वच्छ उजळली होती. आपण कमरेवर हात ठेवून सगळ्यांवरून नजर फिरवलीत आणि म्हणालात, "झालं बघा, एवढंच तर होतं." त्यावर मी काय म्हणालो हे वर आलेलंच आहे. मग विहीणबाईंसाठी पद्मजाने खण-नारळ दिला, कॅब आली, आपण बसलात, आणि पासवर्डचा विषय तेवढा राहिला. दोष कुणाचाच नाही, घाईत असं होतं.

सोमवारी मी दहाही मशिनांवर पुन्हा अपडेट सुरू केलं. सर्व्हर तोपर्यंत आपल्याच पासवर्डवर उघडा होता, त्यामुळे चिंता नव्हती. पण दहाही मशिनांनी एकदम हात पसरले. सर्व्हरची अवस्था लग्नातल्या वाढप्यासारखी झाली, सगळ्यांच्या पानात एकदम जिलबी हवी आणि हा एकटा. सगळी मशिनं पस्तीस टक्क्यांवर जाऊन बसली ती बसलीच. दुपारपर्यंत पस्तीस. मी तारा काढून पुन्हा खोचल्या, सगळ्या तारा जिथे जमतात त्या मधल्या डब्यावरची धूळ झटकली, एका तारेचं टोक सैल होतं ते बदललं. तरी पस्तीस. शेवटी मला सुचलं की पंगतीत एकेकालाच वाढावं. नऊ मशिनं बंद केली आणि फक्त खिडकीजवळचं चालू ठेवलं. ते सरसर पुढे गेलं आणि संध्याकाळपर्यंत नव्या सिस्टिमवर आलं. हे पत्र त्याच मशीनवर टाइप होत आहे. माझा आनंद काय सांगू, मी पद्मजाला हाक मारून खाली आणलं आणि पडदा दाखवला. ती म्हणाली, "आधीच्यासारखाच तर दिसतोय."

उरली नऊ. मंगळवारी सकाळी दुसरं मशीन लावलं तर सर्व्हर गप्प. मी उत्तरेश्वरला फोन केला. तो म्हणाला, काका, एकदा बंद करून चालू करा. माझ्या मते या लोकांना शिकवतात ते एवढंच. मी केलं. सर्व्हर चालू झाला आणि त्याने पासवर्ड मागितला. सुबोध१२३ चालेना, आणि ते योग्यच आहे, त्यासाठीच तर आपण बदललात. मग उत्तरेश्वर स्वतः येऊन पाहून गेला. त्याने दोन मार्ग सांगितले. सर्व्हर पुसून कोरा करायचा, पण मग त्यातले परीक्षेचे अर्ज, हॉल तिकिटं, सगळंच पुसलं जाईल. नाहीतर प्रत्येक मशीनला बाहेरून अपडेट घेऊ द्यायचं, पण आपण लावलेली शिस्त मोडायलाही तोच पासवर्ड लागतो. मग त्याने विचारलं की ज्यांनी बदलला त्यांनाच का विचारत नाही. मी त्याला सांगितलं की ते माझे व्याही आहेत, त्यांनी काम पूर्ण झालं असं समजून निरोप घेतला आहे, आणि मी दर वेळी उत्तम म्हणून बसलो आहे. त्याचं नुकतंच लग्न झालंय. त्याने मान हलवली, "अवघड आहे" म्हणाला, आणि चहा घेऊन गेला.

स्वरालीला विचारावं असंही मनात आलं. पण सुनेला सासऱ्याने सांगायचं की तुझ्या वडिलांनी असं असं केलं, आणि तिने ते वडिलांना सांगायचं, म्हणजे ती माहेरी तक्रार झाली. आमोदला सांगितलं तर तो तिला सांगणार, तेही तेच. त्यापेक्षा मी अंदाजाने पासवर्ड शोधायचं ठरवलं. व्याह्यांच्या मनात काय असेल हे ओळखता येऊ नये इतकं काही आपलं नातं दूरचं नाही. अकोला टाकून पाहिलं. स्वराली टाकून पाहिलं. स्वरालीचं जन्मसाल जोडून पाहिलं. आपण ज्या खात्यातून निवृत्त झालात ते टाकून पाहिलं. विहीणबाईंचं नाव, विमला, तेही टाकून पाहिलं. ते नाही. (हे त्यांच्या कानावर जाऊ नये. पुरुषाने पासवर्ड कशाचा ठेवावा हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे.) पाच वेळा चुकलं की सर्व्हर अर्धा तास रुसतो, आणि त्या अर्ध्या तासात पद्मजा "मग सरळ विचारा ना" असं म्हणते. तिला मी रविवारच्या बाहीची आठवण करून दिली.

तात्पर्य एवढंच की इकडे सर्व काही उत्तम आहे आणि आपण काळजी करू नये. आपण घेतलेल्या श्रमांबद्दल आम्ही ऋणी आहोत. लहानसहान अडचणी येतात, त्या ज्याच्या त्याने सोडवाव्यात, व्याह्यांना त्यासाठी तसदी देणं मला प्रशस्त वाटत नाही. (मुक्ताई, थांबलीस का? तुझ्या मनात काय आहे ते कळतंय मला. आधी हे पूर्ण कर.) विहीणबाईंना सौ. पद्मजाचा नमस्कार सांगावा.

आपला स्नेहांकित,
श्रीनिवास

ता. क. आपल्या चष्म्याची केस इथे दिवाणावर राहिली आहे. चष्म्याला घर नसलं की काच खराब होते, तेव्हा आपण ती न्यायला यावं. सवडीने यावं. सोमवारच्या आत आलात तर फार बरं. पद्मजा या वेळी झणझणीत वांग्याची भाजी करणार आहे, श्रीखंड नाही. आलाच आहात आणि बोलता बोलता विषय निघाला, तर निघेल.

ता. क. जमत नसेल तर अजिबात धावपळ करू नये, केस मी आमोदबरोबर पाठवीन. तपासणीसाहेब सोमवारी सकाळी दहाला येणार आहेत, हे आपलं सहज माहितीसाठी. (मुक्ताई, अशी बघू नकोस माझ्याकडे. विचारीन मी. शनिवारी फोन करून विचारीन. आण, कुठे सही करायची ते दाखव.)

ता. क. हा सरांनी सांगितलेला नाही, मी माझ्या मनाने टाइप करते आहे. काका, नमस्कार, मी मुक्ताई. सरांनी न वाचता सही केली, म्हणून कंसातलं सगळं तसंच राहिलं आहे. मला ते काढता आलं असतं, पण मी मुद्दाम काढलं नाही. सरांनी पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय. मी ते पोस्टात टाकणार नाही, कारण तुम्हाला ते कधी मिळेल याचा भरवसा नाही, आणि सर शनिवारी फोन करतील आणि पुन्हा उत्तमच म्हणतील. सर फार चांगले आहेत, त्यांनी मला एवढं शिकवलं, पण हे त्यांच्याने होणार नाही. तुम्ही माझे व्याही नाही, म्हणून मी सरळ विचारते. सर्व्हरचा पासवर्ड काय आहे? मला ही नोकरी घालवायची नाही, काका. माझ्या घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. पत्ता पाकिटावर मीच टाइप केला आहे. ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढली आहे, आणि हे वॉचमनच्या हातून वर तुमच्याकडे पोचेल तेव्हा मी खाली तुमच्या सोसायटीच्या गेटवर उभी असेन. या कागदाची मागची बाजू कोरी आहे आणि पाकिटात पेन घातलं आहे. उत्तर घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही.